जुन्या झेनला कुठलं ऑइल? तीन ग्रेड टाकून बघितले, आता १५डब्ल्यू-४० वर थांबलोय

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू शेल हेलिक्स एचएक्स५ १५डब्ल्यू-४० या इंजिन ऑइलचा आहे (१५डब्ल्यू-४० हा जाडीचा ग्रेड, आकड्यांचा अर्थ खाली सांगतो), पण ऑइल चांगलं की वाईट एवढं सांगून भागत नाही, कारण मला ते आवडलं ते माझ्या गाडीत आवडलं. तुमच्याकडे गेल्या चार-पाच वर्षांतली मारुती असेल तर हे वाचून हे ऑइल टाकू नका, त्या इंजिनांना ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२० असली पाण्यासारखी पातळ ऑइलं लागतात आणि तीच टाकायची. माझी गाडी २००३ ची मारुती झेन, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली), ९९३ सीसी, चार सिलिंडर, अख्खं ॲल्युमिनियमचं इंजिन. बाबांनी नवी कोरी घेतलेली, आता मीटरवर १ लाख ३८ हजार झालेत. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला, पीयूसी दरवेळी पहिल्या फटक्यात निघते. गाडी विकायची नाहीये, हे घरात ठरलेलं आहे.

बाबांनी या गाडीची एक डायरी ठेवली होती. तारीख, किलोमीटर, कुठलं ऑइल, फिल्टर बदलला का, किती टॉपअप लागला, सगळं त्यात. २००३ पासून जवळजवळ सगळ्या नोंदींत २०डब्ल्यू-४० किंवा १५डब्ल्यू-४०, आणि बदल दर पाच हजाराला. सहा-सात वर्षं तर दोन बदलांच्या मध्ये टॉपअपची एकही नोंद नाही. मला हे आधी वाचायला हवं होतं.

झालं असं की तीन वर्षांपूर्वी गाडी पूर्णपणे माझ्याकडे आली आणि मी ती एका चकाचक वर्कशॉपमध्ये दिली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सर जुनी गाडी आहे, फुल्ली सिंथेटिक टाका, इंजिनला बेस्ट. मला पटलं. महाग म्हणजे चांगलंच असणार आणि बाबांच्या गाडीला आपण चांगलंच द्यायचं, असा सरळ विचार. ५डब्ल्यू-३० टाकलं. पहिले दोन-तीन दिवस गाडी खरंच हलकी पळाली, सेल्फ मारल्या मारल्या चालू, मी खूश. मग पार्किंगमध्ये फरशीवर रुपयाएवढा डाग दिसला. महिन्याभरात हजार किलोमीटर झाले तेव्हा डिपस्टिक काढली तर लेव्हल खालच्या खुणेच्या जरा वर. टॉपअप करताना मोजलं, साडेतीनशे मिली गेलं.

त्याच सुमारास आम्ही चिपळूणला गेलो, उंब्रजला वळून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट. घाट उतरताना मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून उतरतो, ब्रेक तापवत नाही, बाबांनीच शिकवलंय तसं. खाली पोफळीला सपाटीला लागलो, ॲक्सिलरेटर दाबला आणि मागच्या गाडीतून भावाचा फोन, अरे दादा तुझ्या गाडीतून निळा धूर आला, मोठा लोट आला, थांब. थांबलो, बॉनेट उघडलं, बाहेरून सगळं ठीक. चिपळूणला पोचेपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा आरशात जास्त होतं.

हा निळा धूर कधी येतो ते बघणं फार महत्त्वाचं आहे, म्हणून जरा थांबून लिहितो. उतारावर गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडला की थ्रॉटल बंद असतो आणि इंजिन जोरात ओढ घेतं, ती ओढ वॉल्वच्या दांड्यावरच्या सीलमधून ऑइल आत खेचते. सील रबराचे, वीस वर्षांत कडक होतात, चिरतात. ते आत गेलेलं ऑइल खाली सपाटीला ॲक्सिलरेटर दाबला की जळून धूर होऊन बाहेर येतं. तसंच रात्रभर गाडी उभी राहिली की वरचं ऑइल सीलमधून हळूहळू झिरपतं आणि सकाळी चालू करताना निळा फुगा येतो आणि मग बंद होतो. ही दोन लक्षणं असतील तर संशय वॉल्व सीलवर घ्यायचा. पण चढावर, लोड घेताना, सतत धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा, आणि ते मोठं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, त्याचा इंजिन ऑइलशी संबंध नाही. पांढरा धूर सकाळी थंडीत दोन मिनिटं आला तर ती वाफ असते, पण गाडी तापल्यावरही येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं पॅकिंग) गेलेलं असू शकतं, तिथे गाडी लगेच थांबवायची.

परत आल्यावर ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो, ते म्हणाले साहेब हे पातळ काढा, २०डब्ल्यू-५० टाका, धूर बंद होईल. टाकलं. ऑइल खाणं एकदम कमी झालं, हजार किलोमीटरला शंभर मिलीच्या आसपास, फरशीवरचा डाग पण थांबला. पण सकाळी सेल्फ जड लागायला लागला, चालू झाल्यावर ऑइलचा लाल दिवा विझायला तीन-चार सेकंद, तेवढ्यात वरून टकटक आवाज. डिसेंबरमध्ये पुण्यात पहाटे पारा दहाच्या आसपास असतो तेव्हा तर ही टकटक ऐकवत नव्हती. ॲव्हरेज टाकी टू टाकी मोजतो मी, सोळाच्या वर होतं ते पंधराच्या जवळ आलं. आणि सकाळचा निळा फुगा कमी झाला पण गेला नाही. म्हणजे दुखणं तिथेच होतं, जाड ऑइलने ते झाकलं गेलं एवढंच.

आता आकड्यांचं बोलू, कारण काउंटरवर कोणी सांगत नाही आणि हे कळलं की निम्मा गोंधळ संपतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीचा. ५डब्ल्यूची चाचणी उणे ३० अंशाला होते, १०डब्ल्यूची उणे २५ ला, १५डब्ल्यूची उणे २० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. आपल्याकडे महाबळेश्वरला दवबिंदू गोठले तरी बातमी होते, त्यामुळे गाडी चालूच होणार नाही ही भीती आपल्याला नाही. तरीपण आकडा जितका कमी तितकं गार इंजिनात ऑइल लवकर वर पोचतं, आणि तो फरक मला दहा अंशालाही जाणवला, वर सांगितलं तसं.

नंतरचा आकडा गरम इंजिनाचा. १०० अंशाला मोजतात. ३० म्हणजे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (जाडी मोजायचं एकक), ४० म्हणजे १२.५ ते १६.३, ५० म्हणजे १६.३ ते २१.९. जितका मोठा आकडा तितकं गरम असताना जाड. आणखी एक चाचणी असते जी डब्यावर छापत नाहीत, १५० अंशाला ऑइलवर जोराचा ताण देऊन बघतात की बेअरिंगच्या फटीत थर किती टिकतो. तिथे ५डब्ल्यू-३० ला किमान २.९ सेंटीपॉइज (हेही जाडीचंच एकक) लागतं, १५डब्ल्यू-४० ला किमान ३.७, आणि गंमत म्हणजे २०डब्ल्यू-५० ला पण किमान ३.७ च. प्रत्यक्षात ५० वालं बहुतेक वेळा त्याच्या बरंच वर असतं, पण ४० वालं काही कमकुवत नाही हे मला त्यातून कळलं, आणि तिथेच माझा निर्णय बराचसा झाला.

झेनचं मॅन्युअल घरात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यात एकच एक ग्रेड दिलेला नाहीये, तापमानाच्या पट्ट्यांचा तक्ता आहे, बाहेर किती गरम असतं त्यावर कुठला ग्रेड चालेल. पुण्याच्या दहा ते चाळीस अंशात १५डब्ल्यू-४० आरामात बसतं. २००३ चं इंजिन म्हणजे २००३ चं ऑइल असं मात्र नाही हां, ते पुढे सांगतो.

ग्रेड बदलायच्या आधी मी कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतली, आणि माझं म्हणणं आहे की लाखाच्या वर पळालेल्या प्रत्येक गाडीची एकदा करावी. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरला गेज लावतात, सेल्फ मारतात, चारही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मोजायचं, आकडा वर आला तर रिंगा झिजल्यात, नाही आला तर वॉल्व बसत नाहीये किंवा गॅस्केट. माझे चारही सारखे आले. मेकॅनिक काकांचा चेहरा खुलला, म्हणाले रिंगा टवटवीत आहेत, तुमच्या वडिलांनी ऑइल वेळेवर बदललंय. मी बाबांना घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं.

मग वॉल्व सील बदलले, टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं, पीसीव्ही वॉल्व साफ केला. सील स्वतः अगदी स्वस्त असतात, पैसे मजुरीचे लागतात. पीसीव्ही ही इंजिनातल्या वायूंना वाट देणारी छोटीशी वस्तू आहे जिच्याकडे कोणी बघत नाही, ती तुंबली की चेंबरमध्ये (इंजिनखाली ऑइल साठतं तिथे) हवेचा दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या सीलमधून, पॅकिंगमधून बाहेर येतं, आणि आपण म्हणतो गाडी लीक झाली.

हे सगळं झाल्यावर एचएक्स५ १५डब्ल्यू-४० टाकलं. तेव्हापासून चार बदल झालेत, म्हणजे वीस हजार किलोमीटर, सिंहगड रोडचा रोजचा ट्रॅफिक, दोन मे महिने, कोकणात सहा-सात फेऱ्या. सकाळी दिवा एक-दोन सेकंदात विझतो. टकटक नाही. सेल्फ जड नाही. ट्रॅफिकमध्ये अर्धा तास अडकल्यावर पंखा सुरू होतो तेव्हा आयडलला इंजिन आधी खरखरीत वाटायचं, ५डब्ल्यू-३० असताना तर लाल दिवा एकदा मिणमिणला होता, आता दिवा शांत आणि आवाजही एकसारखा. ॲव्हरेज परत सोळाच्या वर. ऑइल खाणं पाच हजारात मिळून दीड-दोनशे मिली, म्हणजे जवळपास नाहीच. कुंभार्ली परत उतरलो तेव्हा भावाला मुद्दाम मागे ठेवलं होतं, पोफळीला फोन आला, काही नाही दादा, स्वच्छ.

यातलं किती श्रेय ऑइलचं आणि किती नव्या सीलचं? धूर गेला तो सीलमुळे, यात शंका नाही. सकाळचा आवाज, सेल्फ, ॲव्हरेज हे २०डब्ल्यू-५० च्या तुलनेत सुधारले ते माझ्या मते ऑइलमुळे, कारण सीलचा त्यांच्याशी फारसा संबंध नाही. आणि गरम असतानाचा आयडल ५डब्ल्यू-३० पेक्षा बरा आहे तो पण ग्रेडमुळे. दुसऱ्या चांगल्या कंपनीचं १५डब्ल्यू-४० घातलं तरी असंच चालेल असं मला मनापासून वाटतं, सर्वो, मॅक, कॅस्ट्रॉल, जे तुमच्या गावात खात्रीचं मिळतं ते. मी शेल धरलं कारण माझ्या रोजच्या वाटेवर ते ओरिजिनल मिळण्याची खात्री आहे.

हे मिनरलवर्गातलं, म्हणजे सिंथेटिक नसलेलं ऑइल आहे, त्यामुळे दहा हजार किलोमीटर ओढायचं नाही. पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. गाडी कमी चालते म्हणून ऑइल चांगलं राहतं हा मोठा गैरसमज आहे, उलट दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, ओलावा आणि कच्चं पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं. ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली तर बहुतेक वेळा तेच असतं, एकदा गाडी तासभर हायवेला पळवून बघा, तरी आली तर हेड गॅस्केट तपासा. आणि नवं ऑइल हजार-दीड हजारात काळं झालं म्हणून घाबरू नका, आतली काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

डब्याच्या मागे एपीआयचा (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, ऑइलचे दर्जे ठरवणारी संस्था) वर्ग बघायचा. एसएल २००१ चा, एसएम २००४ चा, एसएन २०१० चा, एसपी २०२० चा. इंग्रजी मुळाक्षरांत जितकं पुढे तितकं नवं, आणि नवं जुन्याच्या जागी चालतं. म्हणजे २००३ च्या गाडीला एसएन किंवा एसपी टाकायला काहीच हरकत नाही, उलट साफ ठेवण्याची ताकद जास्त. फक्त ज्यांच्याकडे पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडर आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या इंजिनांत कॅम (वॉल्व उघडायला लावणारा फिरता दांडा) सरळ चपट्या टॅपेटवर घासतो, तिथे झिंक-फॉस्फरसचं ॲडिटिव्ह लागतं, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारा भाग) खराब होऊ नये म्हणून नव्या वर्गांत फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आलीये. ही मर्यादा १०डब्ल्यू-३०, ५डब्ल्यू-३० अशा पातळ ग्रेडना आहे, १५डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ला नाही, त्यामुळे कुर्ल्यात बनलेल्या जुन्या पद्मिनीला जाड ग्रेडच बरा.

बाइकचं ऑइल उरलंय म्हणून कारमध्ये किंवा कारचं उरलंय म्हणून बाइकमध्ये, असं कृपया करू नका, विशेषतः दुसरं. बाइकचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करायचं ॲडिटिव्ह असतं, क्लच घसरायला लागतो.

फ्लशिंगबद्दल पण विचारतात लोक. ज्या गाडीचं ऑइल वर्षानुवर्षं वेळेवर बदललंय तिला फ्लशची गरज नाही, आणि जिचं बदललं नाहीये तिला तर अजिबात करू नका, कारण आतला चिखल एकदम सुटून चेंबरमधल्या जाळीत जाऊन बसला तर पंपाला ऑइलच मिळणार नाही. अशा गाडीला चांगलं ऑइल टाकून दोन-तीन हजाराला लवकर बदला, दोनदा करा, हळूहळू साफ होतं. सिंथेटिक टाकल्यावर माझी गाडी लीक झाली त्याचंही कारण मला असंच वाटतं, सील आधीच कडक झालेले, जुना थर होता तो नव्या ऑइलने धुतला आणि पातळ ऑइलला वाट मिळाली. सिंथेटिकने सील खाल्ले असं नाही.

खरेदीचं. मी नाना पेठेतून घेतो, पण कुठल्याही टपरीवजा दुकानातून नाही. झेनला फिल्टरसकट साडेतीन लिटरच्या आसपास लागतं, मी एक-एक लिटरच्या चार बाटल्या घेतो, उरलेलं अर्धा लिटर डिकीत टॉपअपला राहतं. बाटलीचं सील माझ्यासमोर फोडायचं, बॅच नंबर आणि तारीख खरवडलेली नाही ना बघायचं. आणि रिकामी बाटली गॅरेजमध्ये सोडायची नाही, मी तिथेच कात्रीने कापतो, कारण चांगल्या रिकाम्या बाटल्या परत भरून विकल्या जातात. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतू देऊ नका, आमचे मेकॅनिक काका ते पिंपात साठवून रिसायकलवाल्याला देतात, तुमचे काय करतात ते एकदा विचारा.

लेव्हल सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, सपाट जागेवर बघायची. दोन खुणांच्या मध्ये वरच्या बाजूला असली की पुरे, वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही, क्रँक (इंजिनच्या तळाचा फिरता दांडा) ऑइलमध्ये आपटून फेस करतो आणि फेसाने बेअरिंग वाचत नाही. जुन्या गाडीत हे दर पाचशे किलोमीटरला, दोन मिनिटांचं काम आहे.

पाचपैकी साडेचार देईन. अर्धा यासाठी कापला की मिनरल असल्याने लांब अंतराच्या लोकांना दर पाच हजाराला गॅरेज गाठावं लागतं, त्यांनी याच कंपनीचं एचएक्स७ १०डब्ल्यू-४० बघावं, सील धड असतील तर. माझा पुढचा बदल १ लाख ४१ हजाराला आहे, गणपतीला कोकणात जायच्या आधी. नोंद आता मी लिहितो, पण डिपस्टिक बाबाच बघतात, खिशातल्या रुमालाला पुसून, चष्मा वर करून, आणि आकडा मला सांगतात.